उदाहरणाला घेतलेली मुलगी

रविवार, १६ नोव्हेंबर

आजचा कार्यक्रम उत्तम झाला. उत्तम हा शब्द मी जपून वापरते.

भोकर तालुक्यातलं पुनमचं गाव. पुनम तिथल्या बचत गटांचं काम पाहते. मुलगी कामसू आहे, बोलते मात्र फार. शाळेच्या हॉलमध्ये तिने साठेक बायका जमवल्या होत्या, दाराशी काही पुरुषही उभे. विषय होता केंद्राचं दत्तकाबद्दलचं विधेयक. मंत्रालयाने मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला आहे, पण तो वाचणार कोण? इंग्रजीतली पानंच्या पानं, आणि मराठीत केली तरी इंग्रजीच वाटावीत अशी.

लातूरच्या कॉलेजात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवून मला कळलं ते एवढंच, की लोकांना कायदा जड जात नाही, सांगणाऱ्याचे जर-तर जड जातात. म्हणून ‘सोप्या भाषेत कायदा’ सांगताना मी जर-तर गाळते. आणि उदाहरण नेहमी समोर बसलेल्या माणसाचं घेते. ‘अ’ने ‘ब’ला मूल दिलं म्हटलं की बायका जांभया देऊ लागतात.

मी म्हणाले, “नात्यात मूल दिलं-घेतलं, कागद केला नाही. आजवर चाललं. आता चालणार नाही. सहा महिन्यांत जिल्ह्याच्या ऑफिसात नोंद करायची. मूल बारा वर्षांपुढचं असेल तर साहेब त्याला एकटं बसवून विचारणार, तुला कुणाकडे राहायचंय?”

पहिल्याच रांगेत एक मुलगी दोन बायकांच्या मध्ये बसली होती. ऋतुजा नाव, बारावीला आहे. एका बाजूला तिची आई सिंधु, दुसऱ्या बाजूला किल्लारीहून भेटीला आलेली मावशी साखराबाई. पोरीचं नाक मावशीचं, भुवया मावशीच्या, हसताना मान कलती करण्याची लकबसुद्धा तीच. उदाहरण आपोआप सुचलं.

“समजा, ही ऋतुजा साखराबाईंच्या पोटची. त्यांनी ती धाकट्या बहिणीला, सिंधूला दिली. कागद नाही. आता सरकार ऋतुजाला विचारणार, बाळ, तुझी आई कोणती?”

हॉल चिडीचूप झाला. मागून एक म्हातारी “आगं माय” म्हणाली, तेवढंच. इतकी एकाग्रता मी एम.ए.च्या वर्गातही पाहिली नाही. शेवटी एकच प्रश्न आला, तोही सिंधूचा. “सहा महिने कवापासून?” मी म्हटलं, लागू झालं की लगेच. साखराबाई चहा न घेताच निघाल्या, एस.टी.ची वेळ झाली असावी. ऋतुजाने माझी पिशवी गाडीपर्यंत आणून दिली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही छान शिकवता.” गुणी मुलगी.

नांदेडला घरी आल्यावर मार्तंडनी विचारलं, “प्रश्न किती आले?” यांना बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या कार्यक्रमांची तपासणी करण्यावाचून काम नाही. एक, म्हटलं. समजलं की प्रश्न उरत नाहीत.

“किंवा भीती वाटली की,” म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पुनम फोन उचलत नाही. इस्लापूरचा कार्यक्रम रविवारी ठरला आहे, तिथल्या बायकांची गाडी तीच ठरवणार होती. हल्लीच्या मुलींना जबाबदारी म्हणून नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पुनम घरी आली. चपला काढल्या, पण बसली नाही.

“बाई, एक सांगा. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय?”

“ऋतुजाचं.”

मला खरोखर काही कळेना. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्चीत बसली.

“म्हणजे तुम्हाला मालूमच न्हवतं.”

ऋतुजा साखराबाईंच्या पोटची आहे. सिंधूला मूल नव्हतं. साखराबाईंना ही चौथी झाली, तेव्हा सिंधु तिला घेऊन आली. सगळ्या गावाला ठाऊक आहे. फक्त ऋतुजाला नाही.

“गाव म्हणून राहिलं, पुनमनंच बाईला सांगितलं. माझी सासू माझ्या हातचं जेवंना गेली.”

“अगं, मला कुणी सांगायला कशाला हवं? नाक दिसत होतं ना!”

“नाक समद्या गावाला दिसतंय, बाई. सतरा वर्षं दिसून राहिलंय. कुणी बोललं का?”



पुढचं त्याहून वाईट आहे. सिंधूने मुलीचं कॉलेज बंद केलं आहे. बहिणीला सांगितलं, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. लातूरकडचं एक स्थळ घाईने आणलं असून येत्या पाच तारखेला कुंकू लावून सोयरीक पक्की करायची, लगेच लग्न.

“सतरा वर्षांच्या मुलीचं? तो गुन्हा आहे.”

“ते सिंधुकाकूला बी मालूम हाय. पर तुम्हीच म्हणलात ना, सहा महिन्यांत साहेब पोरीला एकटं बसवून इचारणार. काकू म्हणती, एकदा सासरी गेली की तिला कोण इचारतंय आई कोणती? आपलं नाव लागून गेलेलं ऱ्हाईल.”

पुनम गेल्यावर मी पाटीवर मांडावं तसं मांडून पाहिलं. मला माहिती नव्हती. उदाहरण ‘समजा’ म्हणून दिलं होतं. मजकूर चुकीचा नव्हता. मुलाला त्याच्या जन्माचं सत्य कळावं हे तर मी तत्त्व म्हणूनही मानते. म्हणजे माझा दोष असा नाही.

मार्तंडना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर आहे.” मग विचारलं, “जेवणार आहेस का?” मी सकाळपासून जेवले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

इस्लापूर रद्द केलं.

मसुदा पुन्हा काढला. पहिल्याच पानावर लिहिलं आहे की हा प्रस्ताव आहे, यावर सूचना मागवल्या आहेत. सूचनांनंतर फेरमसुदा, मग मंत्रिमंडळ, मग संसद, समितीकडे गेला तर आणखी वेळ. असे येऊन विरून गेलेले कितीतरी मसुदे मी पाहिले आहेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवत होते, विधेयक म्हणजे कायदा नव्हे. आणि त्या हॉलमध्ये मी काय म्हणाले? ‘चालणार नाही.’ ‘करायची.’ ‘विचारणार.’ सोपं व्हावं म्हणून मी जे गाळलं, त्यातच सिंधूचं सगळं घर होतं.

लाज वाटते. हा शब्द लिहायला पूर्ण दुपार गेली.

संध्याकाळी ठरवलं. चूक जाहीर झाली आहे, तर माफीही जाहीर हवी. त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर, उभं राहून. पुनमला फोन करून म्हटलं, पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलाव.

ती म्हणाली, “सगळ्यांना?”

“हो. ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरच मागे घेणार. मला कमीपणा वाटत नाही.”

“आन् ऋतुजाला पुन्हा पहिल्या रांगेत बसवू का, बाई?”

तिने फोन ठेवला. उर्मट वाटली. तासाभराने ती काय म्हणाली ते कळलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सिंधूच्या घरी एकटीच गेले. पुनमने फक्त घर दाखवलं, आत आली नाही.

सिंधु ओसरीवर तूर निवडत होती. उठली नाही. तिचा नवरा निवृत्ती उठला, खाट सरकवली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ऋतुजा दिसली नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी समजावून सांगितलं. मसुदा म्हणजे काय, सूचना म्हणजे काय, दोन सभागृहं, समिती, राष्ट्रपतींची सही. एकही जर-तर गाळला नाही. सिंधु तूर निवडतच होती.

“झालं सांगून?”

“सिंधु, मला एवढंच म्हणायचंय की घाई नको. ती अठराचीसुद्धा नाही. हे लग्न बेकायदा ठरेल. तुम्हाला, निवृत्तीरावांना, भटजींनासुद्धा अटक होऊ शकते.”

बोलताक्षणी मला माझा आवाज ऐकू आला. हजेरी घेतानाचा.

तिने सूप खाली ठेवलं. “एका कायद्यानं माझी लेक न्यायला निघालात. आता दुसऱ्यानं मला आत घाला. करा, तुमच्याजवळ लई हायेत.”

“मी न्यायला निघाले नाही.”

“मग कोण आलतं? त्या दिशी पहिल्या रांगेत माझ्या लेकीकडं बोट कुणी केलतं? तुमचं सरकार आलतं का?”

निवृत्ती दारातून एवढंच म्हणाला, “जाऊ द्या, बाई. ती आठ दिवस झाले झोपंना.”

निघताना आतलं दार जरा उघडं दिसलं. मुलगी दाराला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहून मान हलवत होती. नकारार्थी. मला वाटलं, ती लग्नाला नकार सांगते आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

लातूर. इथे मुक्काम करून आज किल्लारीला जाऊन आले. साखराबाईंनी बहिणीला एकदा सांगितलं की ‘माझा काही दावा नाही’, तर सिंधूची भीती जाईल आणि कुंकू थांबेल, असा माझा हिशेब.

साखराबाईंच्या घरापुढे सोयाबीन मळून उरलेल्या गुळीचा ढीग होता आणि एक शेळी त्यावर चढली होती. त्या मला पाहून शेळीवरच ओरडल्या. मग म्हणाल्या, “या. तुमची वाटच बघून राहिले होते. मनातल्या मनात लई शिव्या दिल्या तुमाला.”

“द्यायलाच हव्यात.”

“दिल्या ना. आता सरल्या.” पाणी दिलं. “काय म्हणती सिंधी?”

मी सगळं सांगितलं आणि काय करायचं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“बाई, तुमी शिकलेल्या, पर जरा बघा. मी गेले तर ती म्हणल, मागायला आली. न्हाई गेले तर म्हणल, कोर्टात गेली. मी कुठून बोलू?”

“तुम्ही तिला दिली तेव्हा…”

“दिली?” त्या हसल्या, पण ते हसणं बरं नव्हतं. “पोटात हुती तवाच सिंधीनं मागितली. पोरगं झालं तरी देशील का, म्हणली. हाव म्हणले. पाचव्या महिन्यापासून ती पोरगी सिंधीचीच. मी नुसती आणून दिली. माझा पान्हा आटस्तोवर ती हितं ऱ्हायली, घेऊन बसायची, पाजायला माझ्याकडं द्यायची आन् परत घ्यायची. आता तिला वाटतंय, साहेब पोरीला इचारल आन् पोरगी माझं नाव घेईल. येडी.”

मग त्यांनी विचारलं, सिंधु जेवते का, तिची पित्ताची गोळी चालू आहे का. मला माहीत नव्हतं. माझ्याकडे विधेयकाची सगळी कलमं होती, हे नव्हतं.

निघताना त्यांनी मला चहा पाजला. हातात कप होता, पण मला वर बघता आलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

दुपारी दार वाजलं. ऋतुजा. एकटी, पाठीला कॉलेजची सॅक. आईला भोकरला मैत्रिणीकडे जाते सांगून नांदेडला आली होती.

मार्तंडनी तिला पोहे करून दिले. मला पोहे येतात, पण मी उभीच राहिले होते. त्यांनी तिला विचारलं, “कोणते विषय?” ती म्हणाली, “सायन्स. बाईंचा विषय न्हाई घेतला.” मार्तंड मोठ्याने हसले. या घरात आठवड्याने कुणी हसलं.

ते आत गेल्यावर ती म्हणाली, “बाई, मला पाचवीपासून मालूम हाय.”

मी खुर्चीत बसले.

जत्रेत एका बाईने साखरामावशीला तिच्यादेखत विचारलं होतं, हीच का दिलेली? मावशीने विषय बदलला. पोरीने घरी येऊन आरशात पाहिलं, झालं.

“मग आईला का नाही विचारलंस?”

“कशाला? तिला वाटतं, मला मालूम झालं की मी जाईन. सात वर्षं सांभाळून राहिले मी. मावशी आली की मुद्दाम तिच्याजवळ बसायचं न्हाई. त्या दिवशी जागा न्हवती म्हणून मधी बसले.”

“आणि तू मला म्हणालीस, छान शिकवता.”

“काहीतरी बोलावं लागलं ना. सगळे माझ्याकडं बघत होते. मी रडले असते तर आईला कळलं असतं.”

त्या दिवशी ओसरीवर मी कायदे सांगत होते, तेव्हा दारातून ती मान हलवत होती ती मला गप्प करायला.

मी म्हटलं, लग्न थांबवता येतं. चाइल्डलाइनला एक फोन पुरतो.

“तो नंबर मला बी पाठ हाय, शाळेत भिंतीवर लिहिलाय. पर पोलीस आले तर आईला नेतील. मग ती खरंच म्हणल, पोटची असती तर असं केलं नसतं.” तिने सॅक मांडीवर घेतली. “तुम्ही या. आईला सांगा, तुमची वाचण्यात चूक झाली. पोरीला इचारायचं असं त्यात न्हाईच. तुम्ही म्हणलात तर ती ऐकल. तुम्ही शिकलेल्या.”

“पण ते आहे त्यात. आणि ते योग्यच…”

सतरा वर्षांची मुलगी, आणि माझ्याकडे एखाद्या हट्टी लहान मुलाकडे बघावं तशी बघत होती.

येते, म्हटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

कायद्याबद्दल खोटं मी कधी बोलले नाही. परीक्षेतला एक गुण मी कुणाच्या बापाला वाढवून दिला नाही. आज बसमध्ये भोकरपर्यंत एक वाक्य पाठ करत गेले, ‘कलम वाचण्यात माझी चूक झाली.’

ओसरीवर भाड्याची मोठी पातेली उपडी घातली होती. उद्याचं जेवण. सिंधु खाली बसून डाळ भिजत घालत होती, निवृत्ती चुलीसाठी दगड लावत होता. ऋतुजा यावेळी बाहेरच होती. मी खाटेवर न बसता जमिनीवर सिंधूसमोर बसले. गुडघे कुरकुरले.

“सिंधु, मी चुकले.”

“कशात?”

“असा कायदा नाही.”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

“असा कायदा असावा का, म्हणून कुणीतरी कागद लिहिलाय. तो होईल, नाहीतर पडून राहील. आज असा कायदा नाही. तुमच्या लेकीला आज कुणीही काही विचारायला येणार नाही.”

“मग त्या दिशी ‘इचारणार’ म्हणलात.”

“तुम्हाला सोपं जावं म्हणून.”

“आमाला सोपं.” तिने हातातली डाळ पाण्यात सोडली. “आन् उद्या झाला तर? तवा हिला इचारतील का न्हाई?”

इथेच ते वाक्य बोलायचं होतं. ऋतुजा आईच्या पाठीमागे उभी होती आणि डोळ्यांनी मला ढकलत होती.

“नाही,” मी म्हणाले. “वाचण्यात माझी… कलम… ते तसं नाहीच. नाही विचारणार.”

सिंधु म्हणाली, “बाई, तुमाला खोटं बोलता येत न्हाई.”

आणि तिचा चेहरा असा झाला की मी उठायला लागले. तेवढ्यात ऋतुजा पुढे आली आणि तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली.

“इचारू दे की, आई. इचारलं तर सांगीन.”

“काय सांगशील?”

“सांगीन, साखरामावशीनं आणून दिलं, आई म्हणजे ही. आन् साहेबाला म्हणीन, माझी आई लई चिडकी हाय, लवकर सोडा, घरी भांडी पडलीत.”

निवृत्तीच्या हातातला दगड तसाच राहिला.

“तुला कधीपासून…”

“पाचवी.”

सिंधूने ओल्या हाताने तिच्या पाठीत जोरात धपाटा घातला. “पाचवी! आन् मी हितं रात-रात बेजार हून मरून राहिले! तुला बोलता येत न्हवतं?” दुसरा धपाटा घातला, आणि तिसऱ्याला हात पाठीवरच राहिला. दोघी रडत होत्या की हसत होत्या, ते मी पाहिलं नाही. या वेळी मी पाहिलं नाही.

निवृत्तीने दगड खाली ठेवला. “काय करू? लातूरला फोन लावू का?”

“लावा,” सिंधु म्हणाली. “म्हणावं, पोरगी शिकायची हाय. शिव्या देतील, खाऊन घ्या. आन् किल्लारीला बी लावा. तो मला द्या.”

ऋतुजा डोळे पुसत उठली. “बाई, चहा ठेवते.”

“नको,” सिंधु म्हणाली. “बाईची गाडी जाईल.”

मी पिशवी उचलली. सिंधु दारापर्यंत आली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

“बाई, तुमच्या मनात वाईट न्हवतं, ते मला मालूम हाय. पर आमच्या गावात कार्यक्रम पुन्हा घेऊ नका.”

“बरं,” मी म्हणाले.

स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत पुनमची सासू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. शाळेच्या भिंतीशी तीन-चार बायका बसल्या होत्या, त्या दिवशी हॉलमध्ये होत्या त्याच. मी का आले होते, आणि कशी निघाले आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी समोरून गेले तेव्हा एक जण मिरच्यांचा भाव विचारत होती, दुसरी सांगत होती. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.